दोडक्याचं बी माझं होतं

नलूताई गेल्याची बातमी वंदनानं आणली. सकाळचे साडेदहा झाले असतील, मी अंगणात गहू निवडत बसले होते. वंदना आमच्याच गल्लीतली सून. आली ती अनवाणीच. म्हणाली, "आक्का, नलूताई गेल्या." मी विचारलं, "कवा?" ती म्हणाली, "सकाळीच. न्हाणीत पडल्या. रिक्षात घालेपर्यंत संपलं समदं." मी "बरं" म्हणाले आणि गहू निवडत राहिले. सूप रिकामं झालं, मग उठले. वंदना तेवढा वेळ माझ्याकडं बघत उभी होती. म्हातारीचं काळीज दगडाचं आहे असं तिला वाटलं असेल. वाटू दे. मला नलूताईंना एक गोष्ट सांगायची होती, तीन वर्षं सांगायची राहिली होती, आणि आता ती ऐकायला माणूसच उरलं नव्हतं. हात चालू होते तोवर बरं होतं... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

नलूताई, म्हणजे नलिनी देशमाने, सेलूला शाळेत विज्ञान शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा नोकरीला पुण्यात. माहेर पूर्णेचं, म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी इथं आमच्या कॉलनीत घर घेतलं. कॉलनी बहुतेक रेल्वेतून रिटायर झालेल्यांची. माझे मालक गँगमन होते. आमच्या दोन खोल्या आणि मागं थोडी जागा, कुंपणाला काटेरी तार. नलूताईंचं घर चौथं. आल्या त्या वर्षीच्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं आणि वाण म्हणून काय दिलं, तर दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलेली मिरचीची रोपं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तोंडावर बोलले, "ताई, वाण द्यायचं तं वाटीबिटी द्यावी. हे उद्या वाळून जाईल." त्या म्हणाल्या, "वाळलं तर ते तुमच्यामुळं, आक्का. आणि वाट्या तुमच्याकडं वीस पडल्या असतील." माझ्याकडं सव्वीस होत्या. त्या मिरचीला पुढं दिवाळीपर्यंत मिरच्या लागत होत्या.

त्यानंतर त्यांनी महादेवाच्या देवळाच्या सभामंडपात दर गुरुवारी तीन वाजता वर्ग सुरू केला. घरच्या घरी भाजी कशी करायची, एवढाच विषय. तेलाचे डबे, सिमेंटच्या गोण्या, फुटकी टाकी, जे घरात पडलं असेल त्यात. मी पहिल्या गुरुवारी गेले ती हसायला गेले. लग्नाआधीपासून शेतात राबलेली बाई मी, मला ही खडूफळ्याची बाई काय शिकवणार? मी तिथंच बोलून दाखवलं. त्यांनी मला पुढं बोलावलं, एक डबा दिला आणि म्हणाल्या, "आक्का, तुमच्या हिशोबानं भरा." मी आपली काळी माती दाबून भरली, पालक टाकला. पुढच्या गुरुवारी डबा आणला तर मातीची वीट झालेली, बोट जाईना. बायका लय हसल्या. नलूताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आक्कांचं काही चुकलं नाही. शेतात ही माती खाली पाणी सोडते. डब्यात तिला खालीच नाही, तर सोडणार कुठं?" मग निम्मी माती, पाव शेणखत, पाव विटांचा चुरा असं त्यांनी करून दाखवलं. खत किती कुजलं ते मात्र त्यांना वासावरून कळायचं नाही. ते मी सांगितलं. त्या दिवसापासून त्या मला शेजारी बसवायला लागल्या. धने चपलेनं रगडून दोन फाकी केल्याशिवाय टाकू नयेत, मेथीला वरून धो धो पाणी घालू नये, एप्रिलच्या उन्हात डब्यांवर जुनी साडी बांधावी... अर्धं त्या बोलायच्या, अर्धं मी. चौथी शिकलेल्या बाईला विज्ञानाच्या बाईशेजारी बसायला मिळालं तर ती चढून जाते. मीही चढले.

आता मूळ गोष्ट. आमच्या घरी सासूपासून काविळीचं औषध होतं. कडू दोडक्याचं पाणी नाकात घालायचं. मागच्या कुंपणावर माझा कडू दोडक्याचा वेल होता आणि रविवारी सकाळी माणसं उपाशीपोटी येऊन दारात बसायची. नारळ ठेवायची, पाया पडायची. गँगमनच्या बायकोच्या पाया कोण पडतं? नलूताईंनी हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आक्का, कावीळवाल्याला दवाखान्यात पाठवा. हे नाकातलं एखाद्याच्या जिवावर बेतेल." मी म्हणाले, "आमच्या सासूच्या हातानं गावंच्या गावं बरी झाली." त्या म्हणाल्या, "ठीक आहे, ते पुढं कधी भांडू. पण हा वेल तुमच्या खायच्या दोडक्यापासून किती लांब आहे?"

खायचा दोडका दहा पावलांवर होता. त्याचं बीही सासूचंच, दोडका लांब, कोवळा, वाटीभर पाण्यात शिजणारा. नलूताईंनी तिथंच उभं राहून समजावलं. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, कडूचंही त्याच वेळेला. पाखरू या फुलावरून त्या फुलावर जातं. त्या वर्षीचं दोडकं खायला गोडच लागतं, पण त्याच्या पोटातलं बी बिघडतं, आणि ते बी लावलं की पुढच्या वर्षी वेलाला कडू दोडकी येतात. म्हणून कडू वेल काढून टाका. नसेल काढायचा तर बीसाठी धरायच्या फुलाची कळी दुपारीच दोऱ्यानं बांधा, संध्याकाळी सोडा, गोड वेलाच्या फुलाचा पराग हातानं लावा आणि परत बांधा. मी हसले. "माझ्या सासूनं जल्मात फुलाला दोरा बांधला न्हाई. तरी आमची दोडकी गोडच." त्यांनी विचारलं, "सासूबाईंचा कडू वेल कुठं होता?" म्हटलं, "मळ्यात. दोन शेतं सोडून." "आणि तुमचा?" कॉलनीत प्लॉट तीस बाय चाळीसचा. सासूची दोन शेतं मी त्यात कुठून आणू? हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं. पण रविवारची माणसं सोडवेनात. महिन्यानं त्यांनी विचारलं, "आक्का, वेल काढलात ना?" मी म्हणाले, "कवाच काढला." त्यांनी येऊन पाहिलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला.

वर्गात पद्धत अशी होती की आपापल्या घरचं बी चिंधीत बांधून नलूताईंकडं द्यायचं, आणि पेरणीच्या दिवसांत त्या सगळ्यांना चिमूट चिमूट वाटायच्या. कुणाचं बी कुणाकडं गेलं ते त्यांनाच माहीत. त्या साली दोडक्याची पुरचुंडी एकटीनं मीच दिली होती. ते बी पंधरा-सोळा घरी गेलं. वेल चांगले चढले, दोडकी देखणी आली. पहिला दोडका शिजवला वंदनानं. भाजी विखासारखी कडू. सासऱ्यानं ताट सारलं, नवऱ्यानं सारलं. सासू म्हणाली, टाकू नको, गूळ घाल, दाण्याचा कूट घाल. वंदनानं गूळ घातला, कूट घातला, तरी कुणी खाईना. मग सगळ्यांचं उरलेलं, आपल्याकडं जी शेवटी जेवायला बसते ती खाते, तसं तिनं खाल्लं. तासाभरात उलट्या आणि जुलाब. परभणीला नेऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं. बाकीच्यांनी तोंडात घालताच थुंकलं, म्हणून वाचले.

ती घरी आल्यावर सभामंडपात सगळे जमले. देवळाची पुरुषमंडळी, वर्गातल्या बायका, वंदनाचा सासरा. सासरा उभा राहिला. "मॅडम, तुमी भाजी शिकवायलाव का माणसं मारायलाव?" नलूताई म्हणाल्या, "चूक झाली. वंदनाची माफी मी घरी जाऊन मागितली आहे." तो म्हणाला, "माफीचं न्हाई इचारायलो. बी कुणाचं होतं?" मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, "बी माझं. माझ्या घरचं." एवढंच. मी तोंड उघडलं नाही. भिले, एवढं साधं कारण आहे. दुसरं शोधायला गेले तर खोटं होईल.

त्याच संध्याकाळी मी कडू वेल मुळासकट उपटला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. देवळानं जागा बंद केली. पलीकडच्या शाळेनं मुलींना शिकवायला त्यांना बोलावलं होतं, तिथून निरोप आला की आता नको. बाजारात भाजीवाल्या बायका कुजबुजायच्या, "ती बघ, इखवाली मॅडम." मी शेजारून चालत असायचे, माझ्या कानांनी ऐकायचे. नलूताई कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून बघायच्या आणि पुढं जायच्या. वर्ग त्यांनी आपल्या ओसरीवर चालू ठेवला, पाच बायकांचा. पहिला धडा बदलला. दोडका असो, दुधी असो, काकडी असो, कापल्याबरोबर फोडीचा तुकडा जिभेला लावायचा. "कडू लागला तर फेका. गूळ घालू नका, सासूला वाढू नका, स्वतः तर मुळीच खाऊ नका." सासूवर बायका हसायच्या. त्या हसू द्यायच्या.

वेल उपटल्यावर आठवडाभरानं त्या माझ्याकडं आल्या होत्या. मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कुंपण मोकळं दिसतंय." मी म्हणाले, "हो. चहा ठेवू का?" त्या म्हणाल्या, "ठेवा. साखर कमी." मग मी आलं शोधत बसले. आलं समोरच्या टोपलीत होतं... मी ते बराच वेळ शोधलं. त्यांनी चहा घेतला, कप स्वतः विसळला आणि गेल्या. वेलाबद्दल मी खोटं बोलले ते त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. पण हे माझं वाटणं आहे, आणि माझ्या सोयीचं आहे. खरं काय ते आता मला कळणार नाही.

दोन वर्षांनी देवळानं जागा परत दिली, बायका परत वाढल्या. लोक विसरले असं म्हणतात. मी विसरले नव्हते. त्या जायच्या दोन दिवस आधी मी ठरवून त्यांच्या घरी गेले. वांग्याची रोपं डब्यांत लावत होत्या, श्वास लागत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आक्का, देवळाच्या पायऱ्या आता चढवत नाहीत. वर्ग तुम्ही घ्या." मी म्हणाले, "मला काय येतंय? चौथी शिकलेली मी." त्या म्हणाल्या, "मला बीएस्सी होऊन खत कुजलंय का ते कळत नव्हतं." आणि हसल्या. त्या हसण्यावर मला ते सांगवेना. म्हटलं, गुरुवारी वर्ग सुटल्यावर सांगू. मंगळवारी ही बोलणी झाली. गुरुवारी सकाळी त्या पडल्या.

तेराव्यानंतर मुलानं आम्हा बायकांना बोलावलं. म्हणाला, "मावशी, मला घर बंद करून जायचंय. झाडं तुम्ही न्या, इथं वाळतील." आम्ही ओसरीवर बसलो. बायकाच म्हणाल्या, आता आक्का वर्ग घेतील, आक्काच त्यांच्या शेजारी बसायच्या. मी म्हणाले, आधी ऐका. आणि सगळं सांगितलं. वेल, रविवार, खोटं बोलणं, सभामंडपातलं गप्प बसणं. वंदना समोरच होती. मग ती म्हणाली, "मला सांगितलं ते ठीक हाय, आक्का. मी दोन दिसांत उठून बसले. त्यांना सांगायचं होतं." आणि दोन डबे उचलून निघून गेली.

हे मी इथं लिहिते आहे, कारण पेपरची ही पुरवणी पूर्णेत घरोघर वाचतात. ज्यांनी ज्यांनी नलूताईंना इखवाली म्हटलं, त्यांनी हे वाचावं. म्हणायचंच असेल तर आता मला म्हणा. माझं घर सगळ्यांना माहीत आहे.

वर्ग चालू आहे. तिघी यायच्या बंद झाल्या, त्यांचं बरोबर आहे. वंदना तीन गुरुवार आली नाही, चौथ्या गुरुवारी आली, मागं बसली. ती माझ्याशी बोलत नाही, पण मी सांगते ते वहीत लिहून घेते. सभामंडपात डाव्या हाताचा दुसरा खांब आहे, नलूताई त्याला पाठ लावून बसायच्या. तिथं कुणी बसत नाही. बसू नका असं कुणी म्हटलेलं नाही. मी आपली पूर्वी बसायचे तिथंच, बाजूला बसते. कुणी काही विचारलं की सगळ्या आधी त्या खांबाकडं बघतात, मीही बघते. मग त्यांच्या माना माझ्याकडं वळतात, आणि मला बोलावं लागतं.