प्लंबर फक्त माझ्याच दारात आला

मंडळी, आज डोकं ठिकाणावर नाही. रत्नागिरीत आम्ही सवलतीच्या भाड्याच्या सरकारी इमारतीत राहतो. प्रत्येक घरात संडासाचा पाइप गळतो. उद्या सगळ्यांनी मिळून इमारतीच्या सरकारी ऑफिसात तक्रार घेऊन जायचं ठरलंय, आणि सगळ्यांना गोळा केलं ते मी.

आज सकाळी अचानक प्लंबर आला. म्हणाला, "ऑफिसातून फक्त तुमचाच पाइप बदलायला सांगितलंय."

मी एकटीनेच करून घेणं बरं नव्हे, म्हणून मी त्याला परत पाठवलं. पण समोरच्या सुलभावैनींनी बघितलं होतं. "काय गो, तुझ्याकडेच कसा आला?" एवढं विचारून त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळच्या बैठकीत कोणी माझ्याशी नीट बोलेना. शेवटी मीच घडलेलं सांगितलं आणि विचारलं, "आणखी कोणाकडे आला होता?"

 मग सुलभावैनी हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे परवाच आलेला. मी करून घेतलं. सासूबाई त्या पाण्यावरून घसरल्या होत्या गो."

त्यांना कोणी दोष दिला नाही. पण उठताना जो तो दुसऱ्याकडे बघत होता, आणखी कोणाचा पाइप बदललाय म्हणून.

उद्या वैनीही येणार म्हणाल्यात. तुम्ही त्यांना सोबत नेलं असतं का?