समंध वकील आणि चौदा गुरुवार

आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत धाकू घाडींना सगळे धाकूमामा म्हणतात. गिरणी संपात बुडाली तेव्हा मामांनी हातात ब्रश धरला आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. माणूस इतका शांत, की नळावर कुणी त्यांची बादली मागे सरकवली तरी ते हसतात. फक्त सरकवणाऱ्याचा चेहरा नीट बघून ठेवतात.

"भांडूक माका जमणा नाय," मामा म्हणतात. "पण इसरूक पण जमणा नाय."

मी चिपळूणला शाळा करून इथे आत्याकडे आलो. आत्याची खोली मामांच्या शेजारची, त्यामुळे शरच्चंद्र केळशीकर वकिलांची गोष्ट मला पातळ भिंतीतून पाठ झाली होती. मालकाने मामांवर खोली खाली करायचा दावा लावला, तेव्हा मामांनी केळशीकरांना वकीलपत्र दिलं. त्यांच्या ऑफिसची पाटीसुद्धा फुकट रंगवून दिली, सोनेरी अक्षरांत. केळशीकर म्हणाले, "काळजी करू नका, आपलीच केस आहे." तीन वर्षं तारखा पडल्या. मग मामी, म्हणजे रत्नप्रभामामी, नवऱ्या मुलाकडून एका लग्नाला गेल्या. लग्न मालकाच्या मुलीचं होतं आणि वरपक्षाच्या पंगतीला आग्रह करकरून जिलबी वाढत होते आपलेच वकील.

मामांनी वकील बदलायचं ठरवलं. नव्या वकीलबाई वसुधा पाटणकर म्हणाल्या, "आधीच्या वकिलांची ना हरकत सही आणा आणि फाईल आणा. भाड्याच्या जुन्या पावत्या त्यात आहेत ना? ऑक्टोबरच्या तारखेला त्या नसल्या, तर खोली गेली समजा."

मामा केळशीकरांकडे गेले. केळशीकरांनी चष्मा कपाळावर चढवला, टक्कल झाकायला डाव्या कानावरून उजव्या कानावर नेलेले केस चापून बसवले आणि म्हणाले, "फाईल सापडत नाहीये हो. बघतो, बघतो. पुढच्या गुरुवारी या."

असे चौदा गुरुवार झाले. चौदाव्या गुरुवारी मामांना ती फाईल कपाटावर दिसली. केळशीकरांनी तिच्यावर पानाचा डबा ठेवला होता.

त्या संध्याकाळी मामांनी मला बोलावलं. "तुझी भाषा शुद्ध आसा. चित्रां मी काढतंय, तू बोलणा लिही."

"कसली चित्रं?"

"भुतांची."

गणपतीच्या स्मरणिकेची चार पानं मंडळाने मामांना दिली होती. त्यांत त्यांनी भुतांचं कोर्ट भरवलं. पिंपळावर पन्नास वर्षं राहणारा मुंजा भाडेकरू. झाड खाली करा म्हणून त्याला नोटीस आलेली. कोर्टाची कारकून हडळ. तिचे पाय उलटे, त्यामुळे ती मुंजाचे कागद घेऊन पुढे निघाली की मागेच पोचते. रक्त पिणारं एक धिप्पाड भूत वकिलाच्या खोलीत शिरतं आणि पुढच्या चौकटीत पांढरंफटक होऊन भिंत धरत बाहेर येतं. आणि मधोमध, समंध पुरलेल्या धनावर बसतो तसा मुंजाच्या फाईलवर मांडी ठोकून, स्वतः वाचत नाही आणि कुणाला हात लावू देत नाही असा ॲडव्होकेट समंध. कपाळावर चष्मा, केस या कानावरून त्या कानावर. त्याच्या तोंडी मी लिहिलं, "काळजी करू नकोस मुंजा, आपलीच केस आहे." शेवटी मामांनी स्वतः लिहिलं, "पुढील भाग माघी गणपतीत."

"मामा, तो कोर्टात खेचेल ना!" मी म्हणालो.

"खेचूक देणार नाय." मामा ब्रश धूत होते. "तेका मुख्य पाहुणो करूया."

मंडळाला काय, वकील पाहुणा म्हटल्यावर सगळे खूश. प्रकाशन संध्याकाळी असलं तरी आमच्याकडे स्मरणिका सकाळीच घरोघर वाटतात, नाहीतर जाहिरातवाले ओरडतात. आणि मुख्य पाहुणा अंक कधीच उघडत नाही, फक्त दोरी सोडतो. केळशीकर माईकसमोर उभे राहिले तेव्हा समोरच्या तीनशे माणसांना समंध पाठ होता.

"हा अंक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला," केळशीकर म्हणाले. "यातलं अक्षर न् अक्षर सत्य आहे. चित्रकाराचा मी ऋणी आहे!"

मंडपात हशा फुटला. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. केळशीकरांना वाटलं, भाषण रंगलं. ते केस चापून म्हणाले, "काळजी करू नका, पुढच्या वर्षीही येईन!" तेव्हा मागून एक पोरगी ओरडली, "समंधकाका, मुंजाची फाईल द्या!" मग त्यांनी अंक उघडला. मामा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, सावकाश, एकटेच, सगळे थांबल्यावरसुद्धा.

वसुधाबाईंना मी हे सांगितलं तर त्या बराच वेळ हसत राहिल्या. "तीनशे साक्षीदारांसमोर अक्षर न् अक्षर सत्य म्हणालेत? आता बदनामीची केस करू देत की."

तिसऱ्या दिवशी केळशीकर चाळीचा जिना चढून आले. दारोदार डोकी बाहेर. फाईल आणि सही दोन्ही त्यांनी मामींच्या हातात दिल्या. "सापडली हो. घाडी, ते माघी गणपतीचं तेवढं... कोर्टातले शिपाईसुद्धा मला समंधसाहेब म्हणतात."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "बघतंय, बघतंय. पुढच्या गुरवारी येवा."

ऑक्टोबरच्या तारखेला पावत्या कोर्टात लागल्या. दावा चालू आहे, पण मामा खोलीतच आहेत. केळशीकर दर गुरुवारी येतात. मामी दारातूनच सांगतात, "ते भायर गेले," आणि मामा पडद्यामागे समंधाला नवा कोट रंगवत चहा पितात.

परवा केळशीकर जिना उतरून गेल्यावर मी म्हटलं, "मामा, अकरा झाले. बिचाऱ्याचं आता पुरे करा ना."

मामांनी ब्रश काळ्या रंगात बुडवला. "माझे चौदा होते," ते म्हणाले. "अजून तीन रवले."