साडेतीन ग्रॅम, सर

अन्याय बारावीत माझ्या वर्गात असलेल्या एका मुलीवर झाला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की सांगतो, कारण त्याच क्षणी तास संपल्याची घंटा झाली आणि मला वाटलं, सुटलो.

नावं लिहीत नाही. कॉलेज अंबड तालुक्यात, हायवेला लागून आहे, एवढं पुरे. एरवी रस्ता, पाणी, एसटी, कशावरही मी पत्रक काढतो आणि जबाबदार कोण ते खाली ठळक अक्षरात छापतो. हे लिहायला बसलो तर चार वेळा उठून आलो.

प्रयोग साधा होता. फेरस सल्फेट सात ग्रॅम, अमोनियम सल्फेट साडेतीन ग्रॅम. दोन्ही पाण्यात विरघळवायचं, तापवायचं, मग न हलवता निवू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तळाशी फिकट हिरवे खडे धरतात. ते गाळायचे, टिपकागदात दाबून कोरडे करायचे आणि तोलायचे. हिशेबाने जास्तीत जास्त ९.८७ ग्रॅम व्हायला पाहिजेत. प्रत्यक्षात किती निघाले त्याची टक्केवारी काढायची. साखर कारखान्यात उसाचा उतारा काढतात, तसाच हाही उतारा.

पण आमच्याकडे वजनाला कुणी विचारत नसे. मागच्या वर्षीच्या बारावीचं जर्नल सुट्टीतच घरी यायचं आणि ते जसंच्या तसं उतरवायचं. त्यात लिहिलेलं असायचं ७.९ ग्रॅम, ऐंशी टक्के. त्याच्या आधीच्या जर्नलमध्येही ७.९. कुणाचाही हात असो, कशीही हवा असो, ७.९.

त्या गुरुवारी प्रयोगशाळेतल्या मामांनी अमोनियम सल्फेटची बाटली उलटी करून बुडावर थापट्या मारल्या. आमची बॅच शेवटची, चौघांची.

“दोन-दोन ग्रॅमच येतंय. भागवा.”

“अन् जर्नलमध्ये काय लिहायचं, मामा?” मी विचारलं.

“जर्नलला काय झालं? ते तर तुम्ही घरूनच लिहून आणलंय.”

आम्ही तिघं हसलो. चौथी हसली नाही. ती शहागडच्या बाजूने जीपमध्ये लटकून यायची, घरी मेंढरं, आईवडील चाऱ्यामागे नदीकाठाने फिरतीवर. वहीच्या मागच्या पानावर ती आकडेमोड करत होती.

“काय करून राह्यली?” मी विचारलं.

“आपलं अमोनियम आधी संपणार.”

“मंग?”

“मंग काय. वडे दहा हायेत, पाव सहा. वडापाव किती?”

“सहा.”

“अन् उरलेले चार वडे?”

“मी खातो ना.”

“तुला तेवढंच जमतं. इथं ते पाण्यात राहतेत.”

लिमिटिंग रीएजंट हे नाव मला व्याख्येसकट पाठ होतं. अर्थ त्या मिनिटाला कळला. जे आधी संपतं, तेच ठरवतं शेवटी किती होणार. पुस्तकातल्या मापाने फेरस आधी संपतं आणि कमाल ९.८७ येते. आमच्या दोन ग्रॅमला अमोनियम आधी संपणार, आणि कमाल होती ५.९४. देव उतरला तरी ७.९ निघणार नव्हते.

शुक्रवारी तिचे खडे भरले ४.७५ ग्रॅम. ५.९४ ला ४.७५ म्हणजे उतारा ऐंशी टक्के. खराखुरा ऐंशी! जर्नलमधल्या खोट्या आकड्याइतकाच. माझे भरले ४.६. मी ते खडे कागदात गुंडाळून टाकले आणि घरी लिहून आणलेलं ७.९ तसंच राहू दिलं. तिने मात्र गाळून उरलेलं पाणी एका बाटलीत भरलं, वर तिचा रोल नंबर चिकटवला. “बघ, पाणी अजून गच्च हिरवं हाये. फेरस उरलंय त्यात.”

शनिवारी सरांची जर्नलवर सही होती. सही झाली तरच परीक्षा.

“चार पंचाहत्तर?” सर म्हणाले. “अन् वर ऐंशी टक्के? सगळ्यांचे सात-आठ ग्रॅम आलेत आणि तुझे निम्मे. नऊ सत्याऐंशीनं भाग बरं.” कॅल्क्युलेटर त्यांनीच दाबला. “अठ्ठेचाळीस.”

“सर, त्यानं न्हाई भागायचं. आम्हाला दोनच ग्रॅम मिळालं. पाच चौऱ्याण्णवनं भागा.”

सरांना कळलं होतं. कॅल्क्युलेटरवरचा अंगठा तिथंच थांबला, ते मी पाहिलं. पण स्टॉक रजिस्टरमध्ये सामान पूर्ण वाटल्याचं लिहिलेलं होतं आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. ‘दोन ग्रॅम’ हे दोन शब्द त्या पानावर राहिले असते, तर बाकीचं गेलं कुठं हा प्रश्न कागदावर आला असता.

“पान बदल. न्हाई तर सही न्हाई.”

तिने ती हिरव्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. “सर, हे तरी बघा.”

सर आमच्याकडे वळले. बोट माझ्यावर. “काय रे, तू हिच्याच बॅचचा. तुला किती मिळालं?”

“साडेतीन ग्रॅम, सर.”

घंटा झाली. सरांनी बाटली बेसिनमध्ये ओतली. ती तिथंच उभ्याने नवं पान लिहायला लागली. वजनाच्या रकान्याशी थांबली आणि मोठ्याने म्हणाली, “किती लिहायचं रे? तुझ्याकडं तयार आकडा हाये ना.”

मी सांगितला. तिने लिहिला. सही झाली.

आता ती जालन्यात बियाणं तपासायच्या लॅबमध्ये आहे. शंभर दाणे पेरायचे, उगवले किती ते मोजायचं आणि जेवढे उगवले तेवढेच लिहायचं. गेल्या महिन्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळांवर पत्रक काढत होतो, म्हणून तिला फोन केला. म्हटलं, तुझा अनुभव दे. मजकूर जोरदार होता, मी वाचूनही दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला.

“यात तुझं साडेतीन ग्रॅम कुठं हाये?”

मी माफी मागायला लागलो.

“माफी-बिफी नको मला. तुझं जर्नल कुठंय?”

“दिलं होतं पुढच्या वर्गाला.”

“मंग आधी ते परत आण. पत्रक नंतर काढ.”

फोन ठेवला आणि गाडी काढली. वडीगोद्रीत जिला जर्नल दिलं होतं, तिने ते आपल्या मामेबहिणीला पाठवलेलं. मामेबहीण पिंपळगाव रेणुकाईला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रस्ताभर मी एकाच गोष्टीवर चिडत होतो, आपण कशाला देऊन बसलो! मामेबहिणीने फडताळातून जर्नल काढलं. पुठ्ठा गेलेला, पानं मऊ पडलेली.

“लई लकी जर्नल हाये, दादा. पाच-सहा जणींनी उतरवलं. सगळ्या पास.”

“तुला अमोनियम सल्फेट किती मिळालं होतं?”

“कुठलं काय. आमच्या कॉलेजात बाटलीच रिकामी होती. आमचा प्रयोग झालाच न्हाई.”

“मंग वजन?”

“सात पूर्णांक नऊ,” ती बिलकुल न अडखळता म्हणाली.

मी तिथंच ओसरीवर बसलो. बाटली रिकामी होती, पण मागणी कुणी करणार नव्हतं, कारण कागदावर सगळ्यांचे खडे पिकले होते, ऐंशी टक्क्यांनी. माझ्या एका ओळीने ती रिकामी बाटली झाकली गेली होती. मी पेन मागून घेतलं. साडेतीन खोडलं, दोन लिहिलं. ७.९ खोडलं, ४.६ लिहिलं. कमाल ५.९४, उतारा सत्त्याहत्तर टक्के. खाली सही केली आणि पानाचा फोटो जालन्याला, तिला पाठवला.

उत्तर आलं, “एक झालं. बाकीचे?”

बाकीचे तुमच्या घरात आहेत. माळ्यावर, रद्दीत, धाकट्या बहिणीच्या दप्तरात. आज जेवायच्या आधी ते जर्नल काढा. ७.९ दिसला तर खोडा. मिळालं असेल तेवढं लिहा, काहीच मिळालं नसेल तर शून्य लिहा आणि खाली सही करा. मग ते पान घेऊन सोमवारी कॉलेजात जा आणि म्हणा, बाटली दाखवा.