माझ्या चेहऱ्याचा मास्क

मालवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा समुद्रात उतरलेली मी दोन मिनिटांत वर आले. बोटीवर दिलेला, डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क गळत होता. सोबतच्या पाणबुड्याने पट्टा आणखी आवळला, तसं पाणी जास्तच शिरायला लागलं. नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि मी हातानेच बस म्हटलं. नवरा आणि लेक खाली जाऊन मासे बघून आले, मी टॉवेल गुंडाळून बोटीत बसले होते. सगळ्यांनाच जमतं असं नाही, अशी लेकीने समजूत काढली. ते मला लागलं. सातव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून मी वळसंगच्या विहिरीत पोहायला शिकले होते. बावन्नाव्या वर्षी पाण्याला भ्यायलेली बाई म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

सोलापुरात मी रोज सकाळी तलावावर पोहायला जाते. तिथे शिकवणारे गुरुजी करकंबचे, पूर्वी नौदलात पाणबुडे होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेहरा अरुंद आणि मास्क रुंद, पट्टा आवळून काय होणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"ताई, दुकानात बघताना पट्टा लावूच नका. मास्क नुसता तोंडाला टेकवा, नाकानं श्वास आत वढा आन् हात सोडा. टिकला तर तुमचा. पडला तर कितीबी भारी असू द्या, घिऊ नका."

त्याच आठवड्यात खेळाच्या सामानाचं एक दुकान गाठलं. दुकानदारांनी माळ्यावरून धुळकट खोकं काढलं. आपल्याकडे समुद्र नाही, त्यामुळे कोणी मागत नाही, म्हणाले. आत चार मास्क होते. हात सोडताच पहिला काउंटरवर पडला. दुसरा टिकला, पण नाकाच्या हाडावर इतका टोचला की डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्याच्या कडेतून कपाळाजवळ हवा फुसफुसत होती. चौथा लहान, मऊ कडेचा. कपाळावरची बट मागे सारली, श्वास ओढला, हात सोडले. तो गालांना घट्ट धरून राहिला. मी मान खाली घातली, दोन्हीकडे वळवली. श्वास रोखून दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आले. बॅट बघायला आलेले दोघे बाजूला सरकले.

"बसला की," दुकानदार म्हणाले.

तलावात मात्र पहिल्याच दिवशी डाव्या गालाकडून पाणी आलं. माझा चेहरा पडला. पण गुरुजींनी वरून बघितलं होतं. मी पाण्यात हसत होते. हसलं की गालाला घडी पडते आणि तिथून पाणी वाट काढतं. पुढचा महिनाभर मी गंभीर तोंडाने पोहले. आत आलेलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायलाही शिकले.

हिवाळ्यात पुन्हा मालवण. बोटीवरचा मास्क मी परत दिला आणि माझा लावला, पट्टा जरा सैलच ठेवून, आणि हवेची नळी दातांत धरली. पाणी डोक्यावरून मिटलं आणि डोळ्यांपुढे कोरडी, लख्ख काच राहिली. खडकावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे शेवाळ खुडत होते. मधेच थोडं पाणी शिरलं, तेव्हा वरची कड दाबून फुंकलं, गेलं. पाणबुड्याने अंगठा वर करून निघायची खूण केली. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा केली तेव्हा निघाले.

लेकीने वरून हात दिला. तो न धरता मी शिडी चढले आणि बोटवाल्याला विचारलं, लगेच परत उतरता येईल का.