मावळतीनंतरच्या दोन चपात्या

पोलीस ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिस्त शिकवणारा उस्ताद स्वतः मैदानाची अर्धी फेरीही मारू शकत नव्हता. पोट पट्ट्याबाहेर, गालात तंबाखू आणि बूड कायम चिंचेखालच्या खुर्चीत. माणूस आमच्याच सीमाभागातला. साहेबांसमोर कन्नड, आम्हाला शिव्या घालायच्या म्हटल्या की मराठी. आईच्या भाषेचा त्याला तेवढाच उपयोग होता.

चूक करणाऱ्याला तो शिक्षा करायचाच नाही. त्याला आपल्या खुर्चीत बसवायचा आणि बाकीच्या तुकडीला त्याच्यासमोर खडीवर कोलांट्या मारायला लावायचा. मग पुढचे आठ दिवस त्या पोराशी कोणी बोलत नसे. याला हा गृहस्थ अक्कल समजायचा.

माझ्या शेजारच्या खाटेवर बोरगावचा एक जैन शेतकऱ्याचा मुलगा होता. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा त्याचा नेम. आमच्या मेसमध्ये संध्याकाळचं ताट मिळायचं ते हजेरीनंतर, अंधार पडल्यावर. म्हणून तो दुपारच्या दोन चपात्या ट्रंकेत ठेवायचा आणि हजेरीआधी गुळाबरोबर गुपचूप खायचा. मी गुंजीकडचा, मिळेल ते मिळेल तेव्हा खाणारा. मला हसू यायचं. पण घरनं निघताना तो आईला शब्द देऊन आलाय हे ठाऊक होतं, त्यामुळे दाराशी पहारा मीच द्यायचो.

एका दुपारी ट्रंका तपासताना उस्तादाला त्या चपात्या सापडल्या. जैनांचा नेम त्याला चांगला ठाऊक होता. माकडाच्या हाती कोलीतच मिळालं. मेसचं अन्न चोरलं म्हणून संध्याकाळी त्याला खुर्चीत बसवलं, चपात्या हातात दिल्या, आणि सूर्य पुरता बुडेपर्यंत आमचा शहाणा नुसता वाट बघत उभा राहिला. एवढा धीर त्यानं दुसऱ्या कुठल्या कामात दाखवलेला मी पाहिला नाही.

"आता खा," तो म्हणाला. "तू खाईस्तवर ही खाली लोळत्यात."

आम्ही लोळायला लागलो. तो खाईना. मान खाली घालून चपात्यांकडे बघत बसला. खडी पाठीत रुतत होती, कोपरं सोलली, दोघांना ओकाऱ्या झाल्या. उस्ताद काडीनं कान कोरत होता. असल्या माणसाच्या दंडावर फिती लावतात, याची मला आजही किळस येते.

पण ओरडलो मी. "खा की रं! आमचा जीव घेतोस व्हय?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि घास मोडला. दोन्ही चपात्या त्यानं कोरड्याच संपवल्या. त्यानंतर त्यानं ट्रंकेत काही ठेवलं नाही, सगळ्यांबरोबर अंधारात जेवायचा.

ट्रेनिंग संपल्यावर त्यानं मला घरी नेलं. ऊन कलायच्या आत त्याच्या आईनं आमची ताटं वाढली.

"पोलिसात गेला तरी नेम मोडला न्हाय माझ्या पोरानं," ती मला म्हणाली. "तू हुतास न्हवं रं संगं?"

त्याचा हात ताटातच थांबला.

"हुतो की मावशी," मी म्हणालो. "न्हाय मोडला."

तिनं खूश होऊन माझ्या चपातीवर आणखी एक पळी तूप घातलं.