सुकेळ्यांचा कागद

सुकेळ्यांचा गोड, किंचित आंबूस वास आला की मला ते मासिक आठवते. त्यात क्रमशः येणाऱ्या विज्ञानकथेचे पहिले पर्व संपले, तेव्हा यान चंद्राआड दिसेनासे झाले होते, आणि दुसऱ्या पर्वासाठी आठ महिने थांबायचे होते. "परततील गं, इंधन मी मोजलंय," असे म्हणत ताईने वहीत गणित मांडून ठेवले होते. आमचा नियम एकच होता: एकटीने वाचायचे नाही. नवे पर्व आले, तेव्हा ताई लग्न होऊन बोळिंजला गेली होती. अंक न उघडता मी चालत तिच्या सासरी पोहोचले. अंगणात सोललेली केळी वाळत होती आणि ताई ती उलटत होती. तिच्या सासूबाई तयार सुकेळी बांधत बसल्या होत्या. "बरं झालं बाय, कागद आणलास! कालपासून पुडे अडलेत," म्हणत त्यांनी अंक घेतला आणि टर्रकन पान फाडले. "वाचायला आणलाय," एवढे सांगणे अवघड नव्हते. पण मोठ्यांना उलट बोलू नये, हा धडा मला पाठ होता. ताईही खाली मान घालून केळी उलटत राहिली. निघताना फाटकाशी तिने हळूच विचारले, "परतलं का गं यान?" मी म्हटले, "मी वाचलंच नाही. नियम होता ना." "वेडी," ती म्हणाली, "निदान तू तरी वाचायचंस." पुढे मी शिक्षिका झाले आणि तोच धडा वर्षानुवर्षे मुलींकडून पाठ करून घेतला. सुकेळ्यांचा पुडा सोडताना मात्र अजून आधी कागद वाचते.