ठिबकवाल्याची फुंकर

शहाद्याजवळच्या माझ्या केळीच्या मळ्यात ठिबकच्या नळ्या दुरुस्त करायला चार वर्षं एकच माणूस यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. नळी चोंदली की तो उकिडवा बसायचा, नळीचं टोक सदऱ्याला पुसायचा आणि ओठांना लावून फुंकायचा. बांधावरून मी ओरडायचो, "जोरात फुंक ना!"

परवा त्याने नळी माझ्याच हातात दिली. "आते तुम्ही फुका, भाऊ."

मी चिडलो. त्याने खिशातून चुरगळलेलं सिकलसेलचं कार्ड काढलं आणि मधे मधे दम घेत बोलला, "रगतन्या वाकड्या पेशी फुफ्फुसनी नसमा अडकतस, मंग नस सुजस. नसना आतल्या पेशी ती सूज आवरतस, असं डॉक्टरीणबाई म्हने. मन्ह्या आते थकी ग्यात. तुमनी नळीमा कचरा ऱ्हास, तो निंघी जास. मन्ही नळी सोताच फुगस."

मी विचारलं, "हे कार्ड कधीचं?"

"शाळामा व्हतू तव्हयनं."

नळी माझ्या हातातच राहिली. चार वर्षं मी बांधावर उभा राहून त्याच छातीवर ओरडत होतो, जोरात, अजून जोरात.